तौर सरांची उत्तरयात्रा

‘लक्झरी’ हा शब्द कानावर पडल्याबरोबर द्वारकाबाईंनी “मला लक्झरीत मळमळतं,” असं सांगून टाकलं. तौर सरांनी शहाणपणा करून विषय तिथंच सोडायला हवा होता. पण भूगोलाच्या मास्तराला चुकीची माहिती दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि समजावून सांगितलं, की मंठ्याच्या चौकातून रोज संध्याकाळी पुण्याला सुटते ती लक्झरी बस वेगळी आणि ही वेगळी. ही तंबूतली लक्झरी.

“तंबूत?” द्वारकाबाई परातीला चिकटलेलं पीठ खरवडत होत्या. “म्हंजे सर्कस का?”

सरांनी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. धुक्यात बुडालेला डोंगर, त्याच्या पायथ्याशी पांढरा तंबू, तंबूत पलंग, पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हंस. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘नॉर्दर्न वाइल्डरनेस लक्झरी टेंट कॅम्प’. सरांनी मराठी करून सांगितलं. नॉर्दर्न म्हणजे उत्तरेकडचं, वाइल्डरनेस म्हणजे रान. सकाळी चहा पलंगावर आणून देतात.

चहा पलंगावर, हे ऐकून द्वारकाबाईंचा हात परातीतच थांबला.

त्याचं असं होतं. पोरीच्या, म्हणजे अर्पिताच्या, लग्नाची धावपळ उरकली तेव्हा सरांनी उदार होऊन बायकोला विचारलं होतं, की तुला काय पाहिजे ते माग. साडी, फार तर पाटल्या, अशी सरांची तयारी होती. द्वारकाबाई म्हणाल्या, “दोन दिवस मला कुणी भाकर मागू नका.” सर हसले होते. नंतर एकटे असताना मात्र ते हसू त्यांना टोचायला लागलं, कारण संसाराला इतकी वर्षं होऊन गेली तरी ही बाई जिथं गेली तिथं चुलीपुढंच बसली होती. लग्नाला गेली तर पुऱ्या लाटायला, बारशाला गेली तर घुगऱ्या शिजवायला. एकदा दवाखान्यात दाखल झाली, तर तिथून फोनवर सरांना खिचडीचं पाणी सांगत होती. सरांनी ते मनावर घेतलं. मनावर घेणं हा सरांचा जुना आजार आहे.

त्या आजाराच्या भरात सरांनी दिवाळीच्या सुट्टीतलं बुकिंग करून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की आम्ही उभयता उत्तरेला निघालो आहोत. डोंगरात, तंबूत, आठवडाभर. खरं तर बुकिंग दोनच दिवसांचं होतं. पण उत्तरेला जायचं तर जायला-यायला दिवस लागतात, हे भूगोलाच्या माणसाला कुणी सांगायला नको.

सरांचं नाव बद्रीनाथ. आता बद्रीनाथ नावाचा माणूस उत्तरेच्या डोंगरात चाललाय म्हटल्यावर तो कुठं चाललाय हे विचारायची गरज स्टाफला वाटली नाही. मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत आणि शाळा सुटेपर्यंत गल्लीत बातमी पोहोचली, की बद्रीनाथ बद्रीनाथला निघाले. मुख्याध्यापकांनी शाल-नारळ दिला. सरांनी नको-नको म्हणत शाल अंगावर नीट पांघरून घेतली आणि फोटोसाठी उत्तरेकडं तोंड करून उभे राहिले.

त्याच संध्याकाळी बुकिंगवाल्यांनी नकाशा पाठवला.

सरांनी नकाशा मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, मोबाइल उलटा करून पाहिला. लाल खूण जागची हलेना. धावडा शिवार, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. उत्तर होती, पण जिल्ह्याची. मंठा पडतं जिल्ह्याच्या खालच्या अंगाला, धावडा वरच्या टोकाला. म्हणजे दिशा बरोबर होती, फक्त ती हिमालयाच्या फार अलीकडं संपत होती. आयुष्यभर पोरांना ‘नकाशा वाचण्याआधी प्रमाण बघा’ असं सांगून छड्या मारलेल्या माणसावर ही वेळ आली.

आणि धावड्याला सरांचे व्याही राहत होते. अर्पिता आणि जावई पुण्याला असले, तरी गावात तिचे सासरे भारतराव, सासू सत्यशीलाबाई, दहा माणसं सहज झोपतील असं घर. सोयऱ्याच्या गावात जाऊन पैसे मोजून तंबूत राहायचं, म्हणजे सोयऱ्याच्या तोंडावर मारल्यासारखंच. बुकिंग रद्द करावं, तर पैसे परत मिळणार नव्हते. शाल परत करावी, तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. सरांनी विचार केला आणि ठरवलं की गप्प बसायचं. कुणालाच सांगायचं नाही. बायकोलाही नाही.

इथून पुढं गल्लीनं सूत्रं हातात घेतली.

शेजारच्या वंदनाताई पाच लिटरचा कॅन घेऊन आल्या. “सर, गंगाजल. निम्मा भरला तरी चालंल, पर झाकण घट लावा.” त्यांचं पाहून बाकीच्यांनीही कॅन आणले, बाटल्या आणल्या. एका घरानं तर तेलाचा डबा धुऊन पाठवला, त्याला अजून वास येत होता. कुणी सांगितलं कापूर हुंगत राहा, म्हणजे वर गेल्यावर दम लागत नाही. कुणी म्हणालं लसूण खा. वंदनाताईंनी स्वतःच्या नवऱ्याचं जर्किन, दोन कानटोप्या आणि एक लोकरीचा पायजमा जबरदस्तीनं बॅगेत कोंबला आणि जाता जाता म्हणाल्या, “आल्यावर मावंदं घालताल न? गल्ली कधीची वाट पाहून राह्यली.”

मावंदं म्हणजे यात्रा करून आल्यावर गंगेच्या पाण्याची पूजा करायची आणि गावाला जेवू घालायचं. सरांच्या घशात लसणाची पाकळी अडकली.

समोरचे संपतराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते बुद्धवंदना करणारे, त्यांना गंगाजलाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं मागणं वेगळं आणि जास्त भयंकर होतं. “सर, लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. मी इथून बरोबर नजर ठेवतो. कुठं दरड पडली, कुठं रस्ता बंद हाय, सगळं कळवतो तुम्हाला.”

“तिकडं रेंज नसते हो,” सर म्हणाले.

“कोण म्हणलं? टॉवर उभे करण्यात जिंदगी गेली माझी. बिलकुल असते.”

“मंग आमच्या मोबाइललाच नसते,” सर म्हणाले. खोटं बोलताना त्यांची शुद्ध मराठी सुटते, हे त्यांच्याही लक्षात आलं.

निघायच्या दिवशी कपाळाला गुलाल, गळ्यात हार, हातात नारळ आणि कॅनच्या कड्यांतून ओवलेली दोरी खांद्यावर, अशा थाटात सर आणि द्वारकाबाई एसटीत बसले. वंदनाताईंनी डोळ्याला पदर लावला. गाडी नजरेआड होईपर्यंत गल्ली हात हलवत होती.

जालन्याच्या स्टँडवर उतरल्यावर द्वारकाबाई रिक्षावाल्याला म्हणाल्या, “रेल्वे टेसन.” सर म्हणाले, “अगं, इकडून,” आणि त्यांना एका बसकडं घेऊन गेले. द्वारकाबाईंना मराठी उत्तम वाचता येतं. त्यांनी पाटी वाचली.

“बद्रीनाथला भोकरदनहून जावं लागतं?”

सरांनी तेव्हा सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी नकाशाच्या प्रमाणाबद्दलही थोडी माहिती दिली, पण द्वारकाबाईंनी ती मन लावून ऐकलेली दिसली नाही. त्यांनी गळ्यातला हार काढून शेजारच्या म्हशीपुढं टाकला आणि गाडीत जाऊन खिडकीशी बसल्या. बऱ्याच वेळानं एवढंच विचारलं, “चहाचं तरी खरं हाय का?”

“ते शंभर टक्के खरं आहे,” सर म्हणाले.

कॅम्प खरोखर देखणा होता, हे कबूल करायला हवं. अजिंठ्याच्या डोंगराचं शेपूट तिथं उतरतं, त्याच्या पायथ्याशी पाच-सहा पांढरे तंबू. मॅनेजर हरिओम नावाचा तरुण, पुण्याला काहीतरी कोर्स करून आलेला. त्यानं दोघांच्या गळ्यात पुन्हा हार घातला. डावीकडं मका, उजवीकडं कपाशी आणि रान म्हणावं तर ओढ्यापलीकडं. फोटोतलं धुकं मक्याच्या मळणी यंत्राचा भुसा होता, हे थोड्या वेळानं कळलं. ‘वन्य आवाजांचा अनुभव’ असं जाहिरातीत लिहिलं होतं. तो अनुभव म्हणजे शेजारचा शेतकरी रानडुकरांना हाकलायला देत असलेल्या शिव्या. शिव्या मात्र अस्सल होत्या.

तंबूत पलंग होता, हंसही होता. पण पलंगाची उशी उत्तरेला. ‘नॉर्दर्न’ नाव सार्थ करायला हरिओमनं सगळ्या तंबूंतल्या उशा उत्तरेला ठेवल्या होत्या. उत्तरेला डोकं म्हणजे दक्षिणेला पाय, आणि दक्षिणेला पाय करून द्वारकाबाई झोपणार नव्हत्या, तंबू किती का लक्झरी असेना. पलंग हलवायला गेले तर तंबूचा मधला खांब हलला आणि वरून हंसावर धूळ पडली. शेवटी उशा पायथ्याला ठेवून दोघं उलटे झोपले. सकाळी पडदा उघडून चहावाला आत आला तो त्यांच्या पायांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला, आणि उशीचा घोळ पाहून इतका गोंधळला, की चहाचा ट्रे घेऊनच परत गेला. “आणतो नीट,” म्हणाला, तो आलाच नाही.

द्वारकाबाईंनी हंसावरची धूळ झटकली. आणि सरांकडं पाहिलं.

“जेवणाला बघ तू,” सर म्हणाले. “आज तुला उठायचंच नाही.”

दुपारी हरिओमनं टाळ्या वाजवून सगळ्या पाहुण्यांना बोलावलं. पुण्याची दोन कुटुंबं होती, गॉगलवाली. एका छपराखाली सारवलेली चूल मांडली होती आणि पाटी लावली होती, ‘चुलीवरची भाकरी : लाइव्ह अनुभव’. म्हणजे पाहुण्यांनी पैसे देऊन स्वतःच भाकरी थापायची. सरांनी ती पाटी वाचली आणि द्वारकाबाईंना दिसू नये म्हणून तिच्यापुढं उभे राहिले.

पण पाटी झाकली तरी भाकरी झाकता येईना. हरिओमचा आचारी थंड पाण्यानं पीठ भिजवत होता. भाकरी उचलली की चिरत होती, तव्यावर टाकली की तिचा नकाशा होत होता. गॉगलवाली मंडळी ‘वॉव’ म्हणत फोटो काढत होती. द्वारकाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पहिली भाकरी पाहिली, मान वळवली. दुसरी पाहिली, पदर सारखा केला. तिसऱ्या भाकरीचे चार तुकडे झाले तेव्हा त्या उठल्या.

“द्वारके, बस,” सर कळवळून म्हणाले.

“बघवत न्हाई हो,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि आचाऱ्याला सरकवून बसल्या. “आधन ठिव जल्दी.”

मग काय विचारता! टाळ्या झाल्या, व्हिडिओ निघाले. हरिओमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं असेल. त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी ‘लाइव्ह अनुभव’ द्वारकाबाईंनी चालवला. त्यात त्यांची चूक एवढीच, की त्यांना नाही म्हणता येत नाही आणि वाईट भाकरी बघवत नाही. सर बाजूला कानटोपी घालून बसले होते, कारण वंदनाताईंना दाखवायला थंडीतला एक फोटो तरी हवा होता. ऑक्टोबरच्या उन्हात त्यांच्या कानांतून घाम निथळत होता.

अशा वेळी दुधाची किटली मोटारसायकलला लावून भारतराव आले.

कॅम्पला दूध भारतरावांकडून जात होतं. सरांना ही माहिती असण्याचं कारण नव्हतं, पण देवाला होती. भारतरावांनी गाडी लावली, किटली उचलली, छपराकडं वळले आणि जागच्या जागी थांबले. समोर त्यांची विहीणबाई, चुलीपुढं, परात घेऊन. भोवती गॉगलवाले. एक जण म्हणत होता, “मावशी, अजून एक टाका ना!”

भारतरावांनी किटली खाली ठेवली. कडेला कानटोपी घातलेले आपले व्याही पाहिले. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

“सर,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “इथवर पाळी आली आन् आम्हाला एक शब्द बोलले न्हाईत?”

“तसं काही नाही भारतराव, आम्ही इथं राहायला आलोय.”

“दिसून राह्यलं न ते. किती दिस झाले कामाला लागून?”

सरांनी शपथा घेतल्या. सांगितलं, की आम्ही पाहुणे आहोत, मौजेसाठी आलो आहोत, पैसे भरून. भारतराव ऐकत होते, मान हलवत होते, आणि त्यांचा एका अक्षरावर विश्वास बसत नव्हता. बसणार तरी कसा?

“धावड्याला?” ते म्हणाले. “मौजेसाठी? पैसे देऊन? तंबूत? सर, मी शाळा शिकलो न्हाई जास्त, पर एवढं येड्यात काढू नका.”

द्वारकाबाईंनी काही खुलासा करावा म्हणून सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. द्वारकाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

बॅगा भारतरावांनी स्वतः उचलल्या. हरिओम मागं मागं पळत होता. तो म्हणाला, मॅडमना आम्ही पगार देतो, सीझनभर राहू द्या. हे तर फारच वाईट वेळी म्हणाला. भारतरावांनी त्याच्याकडं असं बघितलं की दूध उद्यापासून बंद होणार, हे त्याला कळलं.

व्याह्याच्या घरी सत्यशीलाबाईंनी विहिणीला पोटाशी धरलं आणि रडल्या. त्या रात्री पुण्याहून अर्पिताचा फोन आला, तीही रडत होती. “पप्पा, तुम्हाला काही कमी आहे का? पगार होत नाहीये का तुमचा?” जावयानं फोन घेऊन सांगितलं, की लाजू नका. सर भिंतीकडं तोंड करून “अहो नाही हो, नाही हो,” एवढंच म्हणत राहिले. त्यांची इतक्या वर्षांची इभ्रत, शाल-नारळासकट, धावड्याच्या एका खोलीत उघडी पडली होती. आणि खरं सांगायची सोय नव्हती, कारण खरं त्यांचं सांगून झालं होतं.

आठवड्यातले बाकीचे दिवस कुठं काढायचे, हा प्रश्न मात्र सुटला. भारतरावांकडं मक्याची मळणी चालू होती. मजुरांचा स्वयंपाक होता. सत्यशीलाबाईंनी विहिणीला पाटावर बसवायचा फार प्रयत्न केला, पण मुलीची आई मुलीच्या सासूला एकटीला राबू देत असती तर जग केव्हाच बुडालं असतं. द्वारकाबाई पहिल्या संध्याकाळीच आत गेल्या. आपणही काहीतरी करावं म्हणून सर कणसं सोलायला बसले. दोन दिवसांत त्यांच्या बोटांची सालं निघाली. निघताना भारतरावांनी कुणाला दिसणार नाही असं बघून मक्याच्या पिठाचं एक पोतं त्यांच्या सामानात ठेवलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “दिस बदलतेत, सर.” असा अपमान सरांचा आजवर कुणीच इतक्या मायेनं केला नव्हता.

आता उरले कॅन. रिकाम्या हातानं मंठ्याला जाता येणार नव्हतं. सरांनी बसमध्ये बराच वेळ विचार करून मार्ग काढला. सरळ घरी न जाता जालन्याहून शहागडची गाडी धरली. शहागडला गोदावरी आहे, आणि आपल्याकडं गोदावरीला गोदावरी म्हणतो कोण? गंगाच म्हणतात सगळे. गंगेच्या काठची गावं, गंगेला पूर, गंगेवर दशक्रिया. म्हणजे गंगाजल न्यायचं ते गंगेचंच नेणार होते. उत्तरेची गंगा आणायला दक्षिणेला जावं लागलं, एवढा दिशेचा किरकोळ फरक त्यांनी सोडून दिला.

हायवेवर ट्रक लागलेले होते. खांद्यावर कॅनची माळ घेऊन पाण्याकडं उतरणाऱ्या सरांना एका ड्रायव्हरनं विचारलं, “काका, कुठं नेऊन राह्यले एवढं पाणी?”

“मंठ्याला.”

“मंठ्याला पाणी येत न्हाई का?”

सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले. एकेक कॅन बुडवून भरू लागले. तेलाच्या डब्यातून चकाकणारे गोल वर येत होते. द्वारकाबाई काठावरच्या दगडावर बसल्या होत्या. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्यापुढं चूल नव्हती, आणि त्या काही न करता पाण्याकडं पाहत होत्या.

“मला हिमालय बी नको होता,” त्या एकदम म्हणाल्या. “तंबू बी नको. दोन दिस कुणी भाकर टाक म्हणायचं न्हाई, एवढंच म्हणलं होतं मी. घरी राहून बी झालं असतं.”

सरांचा कॅन पाण्यात उलटा झाला. त्यांना खरोखर वाईट वाटलं. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण डोक्यात फक्त गोदावरीच्या उपनद्या आल्या. पूर्णा, मांजरा, प्राणहिता. बायकोला सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

“चुकलंच माझं,” ते म्हणाले.

“मंग पाणी घ्या हातात.”

“का?”

“गंगेत उभे हायेत न? नवस बोला.”

“कशाचा?”

“ते मी सांगन तवा सांगन. आता निसतं हो म्हणा.”

एक कॅन हळूहळू प्रवाहात निघाला होता. सरांचा जीव त्या कॅनमध्ये, पँट भिजलेली, काठावर ड्रायव्हर बघतोय. सर ओंजळीत पाणी घेऊन “हो” म्हणाले आणि कॅनमागं धावले.

मंठ्याच्या गल्लीत स्वागतात काही कसूर नव्हती. वंदनाताईंनी पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. सरांची सोललेली बोटं पाहून त्या हळहळल्या. “थंडीनं फुटले का हात?” सर म्हणाले, “फार.” संपतरावांनी आपल्याला काही नको असताना एक बाटली उजेडात धरली. “गढूळ हाय, सर.”

“वाहत येते न ती,” सर म्हणाले. पिठाचं पोतं कशाचं, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, “प्रसाद.”

“हे गंगेचं पाणी हाय,” द्वारकाबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. “माझ्या डोळ्यादेखत ह्यांनी गंगेत उतरून भरलंय.” त्यांच्या आवाजात इतकं खरेपण होतं, की सरांना भरून आलं. ही बाई आपल्यासाठी गल्लीपुढं उभी राहिली, असं त्यांना वाटलं. ते फार वेळ वाटलं नाही.

“मंग मावंदं कधी?” वंदनाताई म्हणाल्या. “पुऱ्या लाटायला येऊ का आम्ही?”

“कुणी यायचं न्हाई,” द्वारकाबाई म्हणाल्या. “ह्यांनी नवस केलाय. गंगेत उभे राहून, हातात पाणी घेऊन. मावंद्याचा सगळा सयपाक एकट्यानं करणार. बायामाणसानं चुलीला हात लावायचा न्हाई. विचारा न त्यांनाच.”

गल्ली सरांकडं वळली. सरांनी तोंड उघडलं. ‘असा काही नवस नव्हता’ म्हणावं, तर तो कुठं आणि कसा झाला हे सांगावं लागणार. तिथून शहागड, तिथून मळणी, तिथून तंबू, तिथून नकाशा, आणि नकाशाच्या शेवटी मुख्याध्यापकांची शाल. सरांनी तोंड मिटलं.

“केलाय,” ते म्हणाले.

“बाई गं!” वंदनाताईंनी हातच जोडले. “असा नवरा मिळायला नशीब लागतं.”

रविवारी सरांच्या अंगणात मावंदं झालं. सर पहाटेपासून लुंगी लावून चुलीपुढं होते. पुऱ्या फुगल्या नाहीत, वांग्याची भाजी खालून लागली आणि शिऱ्यात रव्याच्या गुठळ्या गोट्यांएवढ्या झाल्या. पण यात्रेच्या जेवणाला नावं कोण ठेवणार? एकानं भीत भीत विचारलं, की तिकडं शिरा असाच करतात का? सर घाम पुसत म्हणाले, “उंचीवर रवा फुटत नाही.” भूगोलाचे सर म्हणाल्यावर ते बरोबरच असणार. लोकांनी गुठळ्या फोडून फोडून खाल्ल्या. संपतरावांनी दोनदा वाढून घेतला आणि म्हणाले, “हिमालयाची चव येते.”

द्वारकाबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाय दुसऱ्या खुर्चीवर. नवी साडी, शेजारी वंदनाताई, आणि पुढं कुणी भाकर मागत नव्हतं. गल्लीतल्या बायका येऊन त्यांच्या पाया पडत होत्या, कारण त्यांचा नवरा आत राबत होता. शेवटची पंगत उठल्यावर सर कसाबसा चहा घेऊन बाहेर आले.

द्वारकाबाईंनी पाय न हलवता कप घेतला. एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला आणि गिळला.

“एकाच दिसाचा नवस होता का हो, काकू?” वंदनाताईंनी विचारलं.

“मावंद्याचा एकाच दिसाचा,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी दुसरा घोट घेतला आणि कप सरांपुढं धरला. “साखर कमी हाय. सकाळचा चहा रोजचा हाय, तवा उद्या बराबर टाका.”